बाबांची बायपास, मनगटावरचं घड्याळ आणि मोबाइलवरचं पुनर्वसन : अनुभव आणि माहिती हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. आयुष्यभर गणित शिकवलं. आईबाबा वाईला असतात, मी ठाण्यात आणि धाकटा भाऊ बेंगळुरूला. पाच आठवड्यांपूर्वी बाबांची पुण्यात बायपास झाली, तीन ग्राफ्ट, म्हणजे रक्ताला जायला नव्या वाटा, टाकले. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल सर्जनचे आभार मानावे तितके थोडे. अडचण आहे ती त्यानंतरची.

डिस्चार्जच्या दिवशी फाइल मिळाली, गोळ्यांची यादी मिळाली, श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर न्यायचं ते प्लास्टिकचं यंत्र मिळालं. फाइलच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती : कार्डिॲक रिहॅब, आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. विचारलं तर कळलं की हे म्हणजे हृदयाचं पुनर्वसन, देखरेखीखाली व्यायाम करून माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं करणं, आणि त्यासाठी पुण्यालाच यावं लागेल. वाई-पुणे एका बाजूला ९० किलोमीटरच्या आसपास, मध्ये खंबाटकी घाट. छातीचं हाड अजून जुळायचं आहे, खोकला आला तरी बाबा उशी छातीशी कवटाळतात. एसटीचं अर्धं तिकीट आहे, गाडीही करता येईल, प्रश्न पैशांचा नाही. त्या माणसाला आठवड्यातून तीनदा एवढा प्रवास घडवायचा कसा?

म्हणून भावाने स्मार्ट घड्याळ पाठवलं आणि बाबांच्या मोबाइलवर एक ॲप टाकून दिलं. बाबा खूश होते. आकडे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गेल्या मंगळवारी सकाळी ते कृष्णेच्या घाटावर चालायला गेले. ॲप सांगत होतं, 'तुमचा व्यायाम पुरेसा नाही, ठोके ११० च्या वर न्या.' बाबांचे ठोके ८४-८५ वरून हलेनात. बाबा वेग वाढवत गेले. ढोल्या गणपतीच्या जवळ पायऱ्यांवर घेरी आली आणि ते खाली बसले. ओळखीच्या फुलवाल्या मावशींनी धरलं, पाणी दिलं, आईला फोन केला. स्थानिक डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला, सगळं ठीक आहे म्हणाले. पण त्या दिवसापासून बाबा दारापर्यंतसुद्धा जायला बिचकतात आणि आई घड्याळ कपाटात ठेवून बसली आहे.

माझे प्रश्न असे :
घड्याळ चुकीचं होतं की बाबा?
घरबसल्या, मोबाइलच्या मदतीने हे पुनर्वसन खरंच होतं का? कोणी म्हाताऱ्या माणसाचं केलं आहे का?
आणि आत्ता, या घटकेला, बाबांना पुन्हा चालतं कसं करायचं?

---

फिजिओताई

कृष्णाकाठ, आधी बाबांना सांगा की त्यांचं काही चुकलं नाही. घड्याळानेही ठोके बरोबर मोजले असणार. चुकलं ते त्या ॲपचं गणित.

बाबांच्या गोळ्यांच्या यादीत मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल असं काही आहे का पाहा. बहुतेक असणारच. याला बीटा ब्लॉकर म्हणतात. हृदयावर ताण येऊ नये म्हणून ही गोळी ठोके खाली ठेवते. ॲप काय करतं? २२० वजा वय, म्हणजे १४६, आणि त्याचे अमुक टक्के. हे ढोबळ सूत्र निरोगी माणसासाठी आहे, त्यात गोळीचा विचार नाही. गोळी ठोके वर जाऊ देत नाही आणि ॲप 'वर न्या' म्हणतं. या रस्सीखेचीत बाबा घेरी येऊन बसले. त्यात सकाळची वेळ, नुकती घेतलेली बीपीची गोळी, कदाचित पाणीही कमी प्यायलेले. या वयात उभं राहिल्यावर बीपी झपकन उतरतं, तेही कारण असू शकतं. बसून आणि उभं करून असं दोन्ही वेळा बीपी मोजून डॉक्टरांना आकडे दाखवा.

मी बारा वर्षं हृदयरुग्णांसोबत काम करते. बीटा ब्लॉकरवरच्या माणसाला मी ठोक्यांचं उद्दिष्ट देत नाही, फार तर वरची मर्यादा देते, आणि तीही व्यायामाची चाचणी झालेली असेल तर. त्याऐवजी श्रम किती वाटतात ते विचारते. गुन्नर बोर्ग नावाचे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी ६ ते २० अशी एक पट्टी बनवली. ६ म्हणजे आरामात बसलोय, २० म्हणजे जीव जाईल इतके श्रम. बहुतेकांना आपण ११ ते १३ या टप्प्यात ठेवतो, म्हणजे हलके ते थोडेसे कष्टाचे. तुमचे बाबा गणिताचे, त्यांना हे आवडेल : बोर्ग यांनी पट्टी ६ पासून सुरू केली कारण आकड्याला दहाने गुणलं की तरुण निरोगी माणसाचे ठोके साधारण मिळतात. बीटा ब्लॉकरवर हा गुणाकार जुळत नाही. श्रमाचा आकडा मात्र तरीही खरा असतो.

त्याहून सोपं हवं असेल तर बोलण्याची कसोटी. चालताना बाबांना एकोणिसाचा पाढा म्हणायला लावा. सलग म्हणता आला तर वेग बरोबर. दोन-दोन आकड्यांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा.

आता पुन्हा सुरुवात कशी करायची. आधी डॉक्टरांना घेरीचं सविस्तर सांगून परवानगी घ्या. मग घाट नको, पायऱ्या नकोत. घराच्या अंगणात किंवा ओसरीवर, सोबत कोणीतरी, वाटेत एक खुर्ची. पाच मिनिटं सावकाश, पाच मिनिटं जरा नेटाने, पाच मिनिटं पुन्हा सावकाश. असं दिवसातून दोनदा. जेवणानंतर किमान तासभर नको. व्यायाम संपल्यावर एकदम थांबायचं नाही आणि लगेच कडक पाण्याने अंघोळ करायची नाही.

फक्त चालणं पुरत नाही हेही लिहून ठेवा. वयस्कर माणसाची मांडी आणि तोल आधी जातो. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, पाच वेळा. ओट्याला हलका हात लावून टाचा वर उचलणं, दहा वेळा. छातीचं हाड जुळेपर्यंत हातावर भार टाकून उठायचं नाही. पलंगावरून उठताना कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठायचं. पाण्याची भरलेली बादली, कळशी, नातवंड यातलं काहीही उचलायचं नाही. दुचाकी तर अजिबात नाही. मोकळीक कधी मिळेल ते सर्जन सांगतील, साधारण दोन-तीन महिने धरून चाला.

---

जर्सीकर

कृष्णाकाठ ताई, मी ६९ वर्षांचा आहे, न्यू जर्सीत असतो. तीन वर्षांपूर्वी अटॅक आला, दोन स्टेंट पडले. पेशंटच्या बाजूने लिहितो.

इथे मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यात, रिहॅबची ३६ सत्रं मिळतात. मी सतरा सत्रं हॉस्पिटलमध्ये जाऊन केली. मग बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मला नेणारं कोणी उरलं नाही, म्हणून उरलेला कार्यक्रम मोबाइलवर केला. त्यांनी बीपीचं मशिन दिलं, छातीचा पट्टा दिला, ॲप दिलं. ॲपमध्ये रोज काय करायचं ते यायचं आणि मी किती केलं ते भरायचो.

खरं सांगतो, पहिले दहा दिवस मी ते ॲप उघडलंच नाही. मग गुरुवारी एका नर्सचा फोन आला. रागावली नाही. तिने विचारलं, 'काल तुम्ही चाललात का, आणि नसलात तर का नाही?' मी म्हटलं, भीती वाटते, एकटा असताना काही झालं तर? यावर ती वीस मिनिटं बोलली. पुढचे दोन महिने दर गुरुवारी तिचा फोन यायचा. गुरुवार आला की मी बुधवारीच चालून घ्यायचो, कारण ती विचारणार हे माहीत होतं. ॲपचं नावही मला आज आठवत नाही. तिचा आवाज अजून आठवतो.

भावाने घड्याळ पाठवलं हे चांगलंच केलं. पण त्या घड्याळाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? तुमच्या लिहिण्यावरून दिसतं की कोणीच नाही. ती जागा आधी भरा.

---

शंकासुर

जर्सीकरांच्या भावना समजतात, पण पुरावा पाहूया. न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन या हॉस्पिटलच्या पुढाकाराने नेमका हाच प्रयोग झाला, नाव रेसिलिएंट. ६५ वर्षं आणि त्यापुढचे ४०० रुग्ण. एका गटाला मोबाइलवरचं पुनर्वसन, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं ते मोजलं. दोन गटांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक निघाला नाही. जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय नियतकालिकात २०२५ साली निकाल छापून आला आहे.

ज्या देशात नर्स फोन करते, उपकरणं घरी पोहोचवते, तिथे ही गत. मग आपल्याकडे दोन-तीन हजारांचं घड्याळ बांधून काय होणार? माझं प्रामाणिक मत : हे पैसे गाडीभाड्यात घाला आणि बाबांना आठवड्यातून एकदा तरी खऱ्या केंद्रात न्या.

---

निवृत्त वैद्य

शंकासुर, तुम्ही मूळ अभ्यास वाचून लिहिता म्हणून तुमच्याशी बोलावंसं वाटतं. आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र एक पाऊल पुढे गेलाय.

त्याच विषयावर युरोपात एक अभ्यास झाला, ईयू-केअर, निकाल २०२१ मध्ये जामा कार्डिऑलॉजीत आला. तेही सगळे ६५ च्या पुढचे, १७९ जण. फरक असा की केंद्रात येऊन रिहॅब करायला ज्यांनी नकार दिला होता, त्यांनाच घेतलं होतं. निम्म्यांना सहा महिने घरी कार्यक्रम, मोबाइल, ठोक्यांवर देखरेख आणि फोनवरून समुपदेशन. उरलेल्यांना यातलं काही नाही. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जास्त होती आणि वर्षानेही तो फरक टिकला. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण होता.

तुलना कशाशी, हा मुद्दा आहे. वाईच्या मास्तरांपुढे आज 'उत्तम केंद्र की मोबाइल' असा पर्याय नाही. 'मोबाइल की काहीच नाही' असा आहे. आणि काहीच न करण्याचा तोटा ठाऊक आहे. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. व्यायामावर आधारित पुनर्वसनाचा तिचा २०२१ चा आढावा ८५ चाचण्यांचा आहे, २३ हजारांहून जास्त रुग्ण. हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारा अटॅक, पुन्हा हॉस्पिटलात भरती होणं, तिन्ही कमी होतात.

आपल्या देशातलंही सांगतो. योग-केअर नावाची चाचणी भारतातल्या २४ केंद्रांत झाली, अटॅक येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण, निकाल २०२० चा. बारा आठवडे योगावर आधारलेलं पुनर्वसन. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक कमी होतो असं सिद्ध झालं नाही. पण माणसं पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगली परतली आणि स्वतःच्या तब्येतीबद्दल त्यांचं मत सुधारलं. चाळीस वर्षं ओपीडीत बसलो आहे. सत्तरीतला माणूस 'मी आणखी किती वर्षं जगेन' हे क्वचित विचारतो. 'मला पुन्हा मंडईत एकट्याने जाता येईल का' हे मात्र विचारतोच. ज्या मोजमापात हा प्रश्न बसत नाही, ते मोजमाप अपुरं आहे असं मला वाटतं.

---

शंकासुर

वैद्यबुवा, तुलनेचा मुद्दा मान्य. 'काहीच नाही'पेक्षा बरं, इथपर्यंत मी येतो. पण मग सुरक्षिततेचं काय? केंद्रात मॉनिटर असतो, डॉक्टर असतो. घाटाच्या पायऱ्यांवर फुलवाल्या मावशी होत्या म्हणून निभावलं.

---

निवृत्त वैद्य

योग्य प्रश्न. म्हणून प्रत्येकाला घरी सोडता येत नाही. हृदयाची पंपिंग कमी असेल, व्यायामाने छातीत दुखत असेल, ठोक्यांची गंभीर गडबड असेल, वारंवार तोल जात असेल, तर सुरुवातीची काही सत्रं देखरेखीखालीच हवीत. मास्तरांच्या बाबतीत सुचवेन की एकदाच पुण्याला जा, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि चालण्याची चाचणी करून घ्या, धोका कमी आहे असं लेखी घ्या, व्यायामाची मर्यादा लिहून घ्या. पुढचं घरी आणि व्हिडिओ कॉलवर. फोनवरून सल्ला देण्याला आपल्याकडे आता रीतसर नियम आहेत, मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. डॉक्टरांना विचारायला संकोचू नका.

---

अबोली

माझ्या आईचं लिहिते, कारण वर सगळे बाबा आणि काकाच आहेत.

आईची अँजिओप्लास्टी ७१ व्या वर्षी झाली. तिला रिहॅबबद्दल कोणी सांगितलंसुद्धा नाही. 'घरात काम करताच की, तोच व्यायाम' असं ऐकवलं. मी हट्टाने बँड बांधला तर रोज चार-साडेचार हजार पावलं दिसायची, आम्ही निर्धास्त. नंतर कळलं की ती सगळी स्वयंपाकघर ते न्हाणीघर अशी तुकड्यातुकड्यांची पावलं होती. सलग पाच मिनिटं चालायला सांगितलं तर धाप लागली. उलट कणिक तिंबताना, कपडे पिळताना पुरता घाम यायचा, त्याची पावलांत कुठेच नोंद नाही. पावलांचा आकडा पाहून फसू नका, सलग किती चाललं ते विचारा.

आणखी एक. आईला पट्टा सैल लागायचा, तिच्या हातात बांगड्या. सैल पट्ट्यात ठोके कधी ४२ तर कधी १४० दाखवायचं. घड्याळ हिरवा उजेड कातडीत सोडून रक्ताची ये-जा पाहतं, मध्ये फट राहिली की आकडा बिघडतो. बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं अंतरावर बांधला तेव्हा ठीक झालं.

---

रात्रपाळी

एक विनंती. ज्यांचे आईवडील आधीच घाबरट आहेत त्यांना ईसीजीवालं घड्याळ देताना विचार करा.

आमच्या अण्णांना दिलं होतं. ते दिवसातून तीस-चाळीस वेळा बोट टेकवून ईसीजी काढायचे. रात्री दोनला उठून काढायचे. 'निष्कर्ष काढता आला नाही' असं एकदा आलं की सगळं घर जागं. जेवण तुटलं, कोणाशी बोलेनात. शेवटी कळलं ते नैराश्य होतं. गोळी आणि समुपदेशनाने चार महिन्यांत माणूस परत मिळाला. आम्ही मात्र तो सगळा वेळ घड्याळाच्या सेटिंगमध्ये कारण शोधत होतो.

---

निवृत्त वैद्य

रात्रपाळी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अटॅकनंतर साधारण दर पाचांतल्या एका रुग्णाला मोठं नैराश्य येतं आणि ते अंगावर काढलं तर हृदयाचंही नुकसान होतं. भूक, झोप आणि रस गेला असेल तर ते 'वयामुळे' समजू नका.

आणि सर्वांसाठी ठळकपणे : मनगटावरच्या घड्याळाचा ईसीजी एकाच बाजूने हृदयाकडे बघतो. ठोक्यांची अनियमितता तो पकडू शकतो, हार्ट अटॅक नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, अचानक धाप, असं काही झालं तर घड्याळ काय म्हणतं ते पाहत बसायचं नाही. आहे तिथे बसायचं, डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिली असेल तर बसूनच जिभेखाली ठेवायची आणि १०८ लावायचा. घड्याळ 'सगळं ठीक' म्हणालं म्हणून घरी थांबलेले पेशंट मी पाहिले आहेत.

---

कोडकरी

तांत्रिक बाजू मी सांगतो. घरी दोन म्हातारी माणसं आणि चार फोन सांभाळतो.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवायची सोय ॲपला मागच्या मागे बंद करते. मग मोजणी थांबते आणि बाबांना वाटतं आपण चाललोच नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरतं ते बंधन काढा. फोनची भाषा मराठी करा, अक्षर सगळ्यात मोठं करा. ॲपच्या सूचना एक सोडून बाकी सगळ्या बंद. 'अजून वेग वाढवा', 'लक्ष्य अपूर्ण' असली ठोक्यांची आणि कॅलरीची उद्दिष्टं मुळातूनच काढून टाका, ती सोय बहुतेक ॲपमध्ये असते. फुकट ॲप फोनबुक, लोकेशन, मायक्रोफोन सगळं मागतं. पावलं मोजायला फोनबुक कशाला लागतं? नाही म्हणा.

गोळ्यांच्या आठवणीसाठी वेगळं ॲप नको. आलार्मला नातवाच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं 'आजोबा, गोळी' लावा. आमच्याकडे दोन वर्षं चालू आहे, एकदाही चुकलेलं नाही.

ब्लूटूथचं बीपी मशिन घेऊ नका असं नाही म्हणत, पण दंडाला बांधायचं साधं मशिन आणि त्याच्या पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर, हे ज्या घरात टिकलं ते मी पाहिलंय. जोडणी तुटली की म्हातारी माणसं मशिनच वापरायचं सोडतात.

---

दशावतार

आमच्याकडे सिंधुदुर्गात पावसाळ्यात लाइट गेली की टॉवर जातो. व्हिडिओ कॉल वगैरे विसरा. माझ्या काकांचं सगळं साध्या फोनवर झालं. कणकवलीची फिजिओ सोमवारी फोन करायची, काका वहीतले आकडे वाचून दाखवायचे : वजन, बीपी, किती मिनिटं, श्रम किती. बस्स.

वजनाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काकांचं हृदय कमजोर होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं की तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर थांबू नका, फोन करा, ते अंगात साठलेलं पाणी आहे. तसं एकदा झालं. पायावर बोट दाबलं की खड्डा राहत होता. लघवीच्या गोळीचा डोस फोनवर बदलून दिला आणि हॉस्पिटल टळलं. साध्या वजनकाट्याने केलेलं काम आहे हे. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यांत.

---

फिजिओताई

दशावतार, तुमच्या काकांच्या फिजिओला माझा नमस्कार सांगा. मोबाइलवरचं पुनर्वसन म्हणजे हेच.

कृष्णाकाठ, विचारात होते म्हणून उशिरा लिहिते. घरच्या घरी प्रगती मोजायची एक रीत देते, डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ते. दवाखान्यात ३० मीटरची सरळ वाट वापरतात. तुमच्याकडे जेवढी सरळ जागा असेल तेवढी मोजा, दोन्ही टोकांना खूण करा, मधोमध खुर्ची. आपल्या सोयीच्या वेगाने चालायचं, लागलं तर थांबायचं, घड्याळ चालू ठेवायचं. वाट छोटी असेल तर वळण्यात वेळ जातो आणि अंतर कमी भरतं, म्हणून दवाखान्यातल्या आकड्याशी तुलना नको, आपल्याच मागच्या आकड्याशी करा. पंधरवड्यातून एकदा पुरे. २५-३० मीटरच्या पुढे वाढ झाली तर ती खरी समजा.

---

कृष्णाकाठ

मंडळी, एकेकाचे आभार काय मानू. धागा वाचनखूण म्हणून साठवलाय आणि छापून आईला दिलाय, तिने पिवळ्या पेनने रेघा मारल्यात. आज नऊ आठवड्यांनी लिहिते आहे.

वैद्यकाका, तुम्ही म्हणालात तसं एकदाच पुण्याला जाऊन आलो. इको चांगला निघाला, धोका कमी असं लिहून मिळालं. मेटोप्रोलॉल होतीच यादीत. उभं राहिल्यावर बीपी उतरत होतं, सकाळच्या दोन गोळ्यांमधली एक रात्रीवर गेली, घेरी पुन्हा आली नाही.

जर्सीकर काका, दुसऱ्या टोकाची जागा भरली. साताऱ्यातल्या एक फिजिओ दर मंगळवारी संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल करतात, रेंज नसेल तर साधा फोन. बाबा पावणेसहालाच खुर्ची खिडकीशी ओढून, चष्मा पुसून तयार. गेल्या मंगळवारी त्यांचा कॉल दहा मिनिटं उशिरा आला तर बाबांनी मला ठाण्याला फोन करून विचारलं, 'बाईंची तब्येत बरी आहे ना?'

आमच्या मागच्या अंगणात तुळशीपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत बरोबर पंधरा मीटर भरतात. आईने दोन्ही टोकांना गेरूने रेघ ओढली. बाबा चालतात, आई एकेका फेरीला ओंजळीतला एक चिंचोका वाटीत टाकते. पहिल्या दिवशी चौदा चिंचोके पडले, म्हणजे २१० मीटर. आठव्या फेरीला बाबा खुर्चीत बसले होते. परवा एकवीस पडले, ३१५ मीटर, न बसता. एकोणिसाचा पाढा आता सहज होतो म्हणून स्वतःच एकोणतिसावर गेलेत.

घड्याळ पुन्हा मनगटावर आहे. कोडकरींनी सांगितलं तशी सगळी उद्दिष्टं काढून टाकली, नुसती वेळ आणि ठोके दिसतात. आकडे जातात भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी : वजन, बीपी, मिनिटं, श्रम. रविवारी आई त्या पानाचा फोटो आम्हा दोघा भावंडांना पाठवते.

आता एक नवीन काळजी. बाबा बीपीचं मशिन लावायला शिकत होते तेव्हा सरावासाठी आईच्या दंडाला पट्टा बांधला. १६८/९६. पुन्हा घेतलं, १६४/९४. आईने आजवर कधी मोजलंच नव्हतं. काही त्रास नाही म्हणते. ऑपरेशनपासून सगळी धावपळ तिच्यावर आहे, ताणामुळे असेल का?

---

फिजिओताई

ताण असेल, नसेलही, अंदाज नको. पाच मिनिटं स्वस्थ बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, अर्धा तास आधी चहा नाही, मोजताना बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असे आठवडाभर आकडे घ्या आणि घेऊन डॉक्टरांकडे जा. १८० च्या वर गेलं किंवा डोकं दुखणं, अंधारी, छातीत दुखणं असं काही झालं तर आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

---

कृष्णाकाठ

कळवलं. बाबांनी कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात तिरकी रेघ मारून दोन भाग केलेत. वरचा त्यांचा निळ्या पेनने, खालचा आईचा लाल पेनने. शुक्रवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे, बाबा स्वतः तिला घेऊन जाणार आहेत, चालत.